शेतकरी घराण्याची वंशावळ शोधायची कशी? जनगणनेत न सापडणारी माणसं जमिनीच्या दफ्तरात कुठे सापडतात

जुन्या जनगणनेत खापरपणजोबांचं नाव मिळेल का, असं अनेक जण विचारतात. प्रश्न साहजिक आहे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं उलटली की जनगणनेची घरोघरची पत्रकं लोकांना पाहता येतात. १९२१ ची पत्रकं २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे, त्यामुळे १९५० ची पत्रकंही २०२२ मध्येच आली. तिथला माणूस घरबसल्या पणजोबांचं वय, धंदा, घरातली माणसं वाचतो. ते पाहून आपल्याकडेही असं काही असेल असं वाटतं.

आपल्याकडे ते नाही. १८७२ मध्ये पहिली मोजणी झाली, १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत राहिली. पण आकड्यांचे तक्ते तयार झाले की मूळ पत्रकं जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माणसागणिक भरलेली माहिती कोणालाही पाहायला मिळत नाही आणि सहसा पुरावा म्हणून चालतही नाही. तेव्हा तुमच्या घराण्याचा १९०१ चा तक्ता कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला, तर देऊ नका.

शेतकरी घराण्याला मात्र दुसरी वाट आहे आणि ती जनगणनेपेक्षा लांब जाते. सरकार कोणाचंही असो, पेशव्यांचं, निजामाचं की इंग्रजांचं, कोणत्या तुकड्याचा सारा कोण भरतो हे त्याने कधी लिहायचं सोडलं नाही. म्हणून माझा आग्रह एकच असतो: नावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. आडनाव बदलतं, एकाच नावाची चार माणसं गावात असतात, पण शेताचा नंबर धरून चाललात तर तो तुम्हाला एकेका पिढीने मागे नेतो.

सुरुवात घरातूनच

कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. बहुतेक जण इथे फक्त पुरुषांची नावं उतरवतात. आत्याला कोणत्या गावी दिली, आजीचं माहेर कुठलं, कोण दत्तक गेलं, कोण घरजावई राहिलं, कुलदैवत कोणतं, देवक काय, आणि शेतांना घरात कोणत्या नावाने ओळखतात हेही विचारा. ‘चिंचेची पट्टी’, ‘माळाचं’, ‘विहिरीचा तुकडा’ ही नावं जुन्या कागदात जशीच्या तशी भेटतात.

साल विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. घटना विचारा. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (डिसेंबर १९६७) थोरली लेक पोटात होती की पाळण्यात? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घरातलं कोण गेलं? मराठवाड्यात असाल तर रझाकारांच्या धामधुमीत आजोबांचं लग्न झालेलं होतं का? अशा उत्तरांवरून जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या फरकाने बांधता येतं.

हे चालू असताना घरातली ट्रंक उघडा. जुन्या पावत्या, तगाईचे कागद, पासबुकं, सोसायटीचे हिशेब, लग्नपत्रिका. एकेका कागदाचा मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका आणि प्लास्टिकचं आवरण तर अजिबात चढवू नका, शाई खराब होते.

गाव तेव्हा कोणाच्या अमलात होतं?

हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण कागदाचं नाव, लिपी आणि ठिकाण सगळं यावर ठरतं. पुणे, सातारा, नगर, नाशिक, खानदेश, रत्नागिरी इथली बहुतेक गावं मुंबई इलाख्यात होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात, नागपूरकडचे जिल्हे मध्य प्रांतात, वऱ्हाडची व्यवस्था त्याहून वेगळी. त्यात कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, भोर, अक्कलकोट, सावंतवाडी अशी संस्थानं. दोन शेजारची गावं, एक इलाख्यात आणि एक संस्थानात, असा प्रकार दक्षिण महाराष्ट्रात सर्रास होता. तालुकेही फुटले आणि जोडले गेले. आजचा तालुका नव्हे, १९४८ च्या आधीचा तालुका किंवा पेटा (तालुक्याचा पोटविभाग) शोधा.

जनगणनेकडून मिळतं ते घ्या

नाव मिळत नसलं तरी जनगणना निरुपयोगी नाही. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांमध्ये गाववार आकडे आहेत: घरं किती, माणसं किती, शेतीवर जगणारे किती. या पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांचा मी एका कामासाठी फार उपयोग करतो. गावात साठ घरं असतील आणि तुमच्या पणजोबांच्या नावाचा, त्याच बापाचा माणूस नोंदीत दिसला, तर तो बहुधा तेच. गाव आठशे घरांचं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, आणखी पुरावा शोधा.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार झाली होती. तिच्यात घरवार नावं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धंदा अशी माहिती उतरवली होती. काही तालुक्यांच्या अभिलेख कक्षांत ती आजही आहे. कुणबी नोंदींचा शोध २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा तपासायच्या कागदांच्या यादीत हीही होती. तुमच्या गावची नोंदवही मिळाली तर एका पानावर अख्खं कुटुंब दिसतं, बायका-पोरांसकट. जमिनीच्या कागदात हे क्वचितच होतं. म्हणून तहसीलमध्ये गेलात की हिची चौकशी आधी करा.

सातबाऱ्यावरून मागे मागे

आता खरं काम. आजचा सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढा. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे हे नाव इथे कसं आलं याची नोंद: वारसाने, वाटणीने, खरेदीने की बक्षिसाने. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, मागवा. त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळेल. मग त्याचं नाव ज्या फेरफाराने लागलं तो क्रमांक शोधा. अशी एकेक पायरी.

संगणकावरचा सातबारा फार मागे जात नाही. हाताने लिहिलेले जुने उतारे हवेत. त्यांच्यावर कमी झालेली नावं कंसात टाकलेली असतात आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. कंसातलं नाव हीच तुमची मागची पिढी. हे जुने उतारे, फेरफार आणि सातबाऱ्याच्याही आधीची कडईपत्रकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. बऱ्याच तालुक्यांची स्कॅन केलेली पानं महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर फी भरून उतरवता येतात. आधी तिथे बघा. तिथे पान नसेल किंवा वाचता येत नसेल तर कचेरीत नकलेचा अर्ज करा. नोंदवही प्रत्यक्ष पाहायची असेल तर माहिती अधिकारात पाहणीची मागणी करता येते. अर्जात ‘आमच्या घराण्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. गाव, सर्व्हे नंबर, नमुना आणि सालाचा टप्पा लिहा. तसा अर्ज कारकुनाला हाताळता येतो.

इथे एक जागा अशी आहे जिथे भल्याभल्यांचा धागा तुटतो, ती म्हणजे एकत्रीकरण. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने गावोगाव जमिनी एकत्र करून नवे गट पाडले. आजचा गट १४२ म्हणजे जुना सर्व्हे नंबर ५७ चा दुसरा हिस्सा आणि ५८ चा तुकडा, असं काहीही असू शकतं. गट नंबर घेऊन १९३० चे कागद मागितलेत तर भलत्याच घराण्याची जमीन हातात येईल. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट दोन्ही असतात. मगच मागे जा.

फेरफारांच्या साखळीतली सगळ्यात मागची कडी म्हणजे हक्कनोंद. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. गावोगाव हे दफ्तर तयार व्हायला पुढे काही वर्षं गेली. तुमच्या गावच्या पहिल्या काही फेरफार नोंदी या त्या वेळच्या कब्जेदारांच्या असतात. त्याच्याही आधीचं हवं असेल तर भूमी अभिलेखकडचं शेतवार पत्रक आणि प्रतिबुक, म्हणजे जमीन पाहणीच्या वेळच्या नोंदी. इलाख्यातली नवी पाहणी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली आणि नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. पहिल्या पाहणीतलं नाव मिळालं तर तुम्ही सरळ १९व्या शतकाच्या मध्यावर पोचलात.

एक फेरफार वाचून बघू

नमुन्यादाखल १९३२ ची अशी एक वारसनोंद धरा:

“खातेदार राघू बिन बाळा हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे १) तुका वय २५, २) सखा वय ९ अज्ञान, अ.पा.क. भाऊ तुका. मयताची बायको काशी हयात. सर्व एकत्र. सबब तुका राघू ए.कु.मॅ. म्हणून नाव दाखल.”

‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं तर अमक्याची बायको. अ.पा.क. म्हणजे अज्ञान मुलाचं पालन करणारा, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आता एवढ्या चार ओळींतून काय निघालं? राघू १९३० च्या सुमारास गेला. नोंद १९३२ ची असली तरी मृत्यू १९३२ चा नाही. वारसनोंदी वर्षानुवर्षं रेंगाळत. राघूचा बाप बाळा, म्हणजे एक पिढी फुकट मिळाली. तुका १९०७ च्या आसपासचा, सखा १९२३ चा. दोघांत सोळा वर्षांचं अंतर आहे, ते डोळ्यांत भरायला हवं. मधली मुलं गेली असतील, किंवा काशी ही दुसरी बायको असेल. कागद तिला मयताची बायको म्हणतो, दोघांची आई म्हणत नाही. आणि मुली? त्यांचं नावच नाही, पण म्हणून त्या नव्हत्या असं धरू नका.

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त चुकवतं. नाव फक्त तुकाचं लागलं. पुढे सातबाऱ्यावर सखा दिसणारच नाही, वाटणी होईपर्यंत. वाटणी झाली नाही, सखा मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडेच राहिला, तर त्याची अख्खी शाखा कागदावरून पुसली जाते. कितीतरी घराण्यांतली ‘मुंबईची मंडळी’ अशी हरवलेली आहेत. म्हणून ए.कु.मॅ. हा शेरा दिसला की बाकीचे भाऊ कुठे गेले हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर चित्र बदलतं. वारसनोंदीत लेकी येऊ लागतात, पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात. नंतर त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं. त्यात लेकीचं सासरचं नाव आणि सासरचं गाव दोन्ही मिळतं. बहिणींनी हक्क सोडल्याचा हा कागद मला नेहमी खुपतो, पण घराण्यातल्या बायका शोधायला त्याच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

जमीन नावावर नव्हती त्यांचं काय?

कुळाने कसणारी माणसं मालकाच्या रकान्यात सापडत नाहीत. त्यांना कुळाच्या रकान्यात आणि पीकपाहणीत शोधा. कसणाऱ्याचं नाव तिथे असतं. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळं मालक मानली गेली, त्यामुळे कुळकायद्याच्या कलम ३२-ग ची चौकशी आणि ३२-म चं प्रमाणपत्र हे अशा घराण्यांचे पायाचे कागद आहेत. चौकशीच्या जबाबात ‘माझ्या वडिलांच्या वेळेपासून कसतो’ अशी वाक्यं असतात. ती सोन्याची समजा. महार वतन, रामोशी वतन किंवा बलुत्याच्या इनामाची जमीन असेल तर इनामपत्रकं आणि वतनाच्या नोंदवह्या मागवा. तिथे वतनदारांची नावं पिढीवार मिळण्याची शक्यता खातेदारांपेक्षाही जास्त असते, कारण वतन वारसाने चालायचं.

मराठवाडा आणि विदर्भ

मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हा आधार धरा. तिथून पुढे पाहणी पत्रकं आणि सातबारा, मागे निजामकाळचं दफ्तर. ते उर्दूत आहे, तेव्हा गावातल्या किंवा तालुक्यातल्या जुन्या उर्दू जाणकाराला सोबत घ्या. सालं फसली सनातली, म्हणजे महसुली कालगणनेतली असतात. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे फसली १३४० हे १९३०-३१. इनाम जमीन असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाच्या हक्काचा कागद, विचारा.

नागपूरकडच्या जिल्ह्यांत बंदोबस्ताच्या (जमीन पाहणी आणि साराआकारणीच्या) मिसली आणि कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची वही, म्हणजे कोतवाल पंजी, हे दोन कागद आधी बघावेत.

जन्म-मृत्यू, शाळा, दस्त

गाव नमुना १४ म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही. तिच्यात बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘अमक्यास मुलगा’ एवढंच. पण बापाचं नाव, जात आणि तारीख मिळते. १९१८ च्या नोंदी वाचायला मन घट्ट करावं लागतं. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत एकाच घरातले लागोपाठ मृत्यू दिसतात. देशाची लोकसंख्या ज्या एकाच दशकात घटली ते १९११ ते १९२१ चं दशक, आणि त्याचा अर्थ या वहीत घरागणिक कळतो. तुमच्या घराण्यात त्या सुमारास एखादी पिढी अचानक काकांच्या किंवा आजीच्या हाताखाली वाढलेली दिसली तर कारण इथे शोधा.

शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर मागा. मुख्याध्यापकांना सोबत घेऊन पान बघता आलं तर उत्तम. फक्त १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती खरी धरू नका. ज्याची तारीख माहीत नाही त्याला गुरुजी १ जून लावत. वय साधारण बरोबर असतं.

दुय्यम निबंधकाकडचे जुने दस्त लोक विसरतात. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र. वाटणीपत्रात अख्ख्या घराण्याचा पट मांडलेला असतो, आणि दत्तकपत्र असेल तर दोन घराणी जोडली जातात. दत्तक कुठे गेला हे कळलं नाही तर पुढची सगळी वंशावळ दुसऱ्याच रक्ताची होते. ती चूक आहे असं नाही, पण दोन्ही रेघा काढायला हव्यात.

हेळवी, भाट आणि तीर्थोपाध्याय

सरकारी दफ्तर संपतं तिथे या लोकांच्या वह्या सुरू होतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी सुगीनंतर दारात येतात आणि चोपडी उघडून तुमच्या घराण्याची पिढीवार नावं वाचतात, मूळ गाव आणि स्थलांतरासकट. खानदेशात भाटांच्या वह्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. तुमच्या घराण्यातलं कोणी क्रियाकर्माला किंवा यात्रेला गेलं असेल तर त्याने तिथे नाव, गाव, सोबतची माणसं सांगितलेली असतात, कधी खाली स्वतःची सही. तिथे जाताना आडनाव आणि जात तर सांगाच, पण मूळ गाव हमखास सांगा, कारण वह्या गाववार लावलेल्या असतात.

या नोंदींचा मान ठेवा आणि त्या जपणाऱ्याला दक्षिणा नीट द्या. त्यांच्या पिढ्यांनी हे फुकट सांभाळलेलं नाही. मात्र ऐकलेली प्रत्येक पिढी लगेच पक्की धरू नका. अलीकडच्या तीन-चार पिढ्या फेरफाराशी जुळल्या तर त्यांच्या मागच्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. थेट एखाद्या राजवंशापर्यंत नेणारी वंशावळ कोणी वाचून दाखवली तर ती ‘सांगितलेली’ म्हणून वेगळी लिहा.

मोडी आणि पेशवे दफ्तर

१९५० च्या आधीचे बरेच कागद मोडीत असतात. पूर्ण मोडी शिकायला वेळ लागतो, पण कामापुरती लवकर येते. आधी आकडे शिका, मग तुमच्या गावाचं नाव, आडनाव आणि चार-पाच घरातली नावं मोडीत गिरवा. तेवढ्यावर पान चाळता येतं आणि आपली ओळ सापडते. ती ओळ जाणकाराकडून वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, हे लक्षात असू द्या. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्गही होतात.

पेशवाईतलं दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांमध्ये बांधलेलं आहे. तिथे सामान्य कुणब्याचं नाव मिळण्याची आशा धरायची तर कुळझाडे (कुळवार साऱ्याच्या याद्या) आणि लावणीची पत्रकं बघावी लागतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या वतनाच्या तंट्यात साक्षीदार म्हणूनही गावकऱ्यांची नावं येतात. साल अरबी शब्दांत असतं. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०; हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून १७७०-७१. शकात ७८ मिळवायचे. गावच्या कुलकर्ण्यांच्या घरीही दफ्तर असायचं. कुलकर्णी वतनं १९५१ मध्ये गेली आणि गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातले कितीतरी वाडे कागदांसकट जळाले. तरी त्या घराण्यातलं कोणी पुण्या-मुंबईत असेल तर एक फोन करून बघा. पेटी माळ्यावर असू शकते.

वंशावळ लिहिताना

प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: कोणत्या कागदातून मिळालं, त्या कागदाचा नंबर आणि साल, आणि खात्री किती. ‘पक्कं’, ‘बहुधा’, ‘सांगितलेलं’ एवढ्या तीन खुणा पुरतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे बाळा राघू, राघू बाळा, पुन्हा बाळा राघू अशी साखळी होते. सालं लिहिली नाहीत तर दोन पिढ्या एकमेकींत विरघळतात. एका पिढीला साधारण पंचवीस-तीस वर्षं धरून बघा. बाप आणि मुलगा यांच्यात साठ वर्षं पडत असतील तर मधलं एक नाव बहुधा सुटलंय.

तक्ता झाला की त्याच्या प्रती करून सगळ्या भावकीला द्या, वाटणीवरून बोलणं बंद असलेल्यांनाही. बहुतेक वेळा हरवलेला कागद त्यांच्याच ट्रंकेत असतो. आणि देताना लेकी-सुनांच्या जागा भरलेल्या आहेत ना, हे आधी तपासा. ज्या सुनेचं नाव मिळालं नसेल तिथे रेघ पुसून टाकू नका, मोकळी चौकट ठेवा आणि तिच्यात माहेरचं गाव तेवढं लिहा. त्या गावच्या नमुना १४ मध्ये ती सापडते का ते पाहायचं काम पुढे करता येतं.